यादीतली जास्तीची ओळ

सोमवारी सकाळच्या मोजणीत एक ओळ जास्त आली.

आमच्या गोडाऊनमध्ये तेव्हा एकशे ब्याऐंशी जिनसा होत्या. साबुदाणा तीन प्रकारचा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, शेंगदाणे, खजूर, उपवासाची भाजणी, आणि या सगळ्यांचे लहानमोठे कट्टे, पुडे, डबे. यंत्राच्या पडद्यावर मात्र एकशे त्र्याऐंशी ओळी होत्या. शेवटची ओळ अशी: अनोळखी माल. जागा, मांडणी क्रमांक चार. सर्वांत जवळचा प्रकार, जुने शेंगदाणे. उरलेले दिवस, चारशे बारा.

हा माल ओळखता का, असं यंत्राने विचारलं. माझं नाम पुरं व्हायचं होतं. सकाळी दिवा लावून एकशे आठ नाम होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, मग यंत्राशी कशी बोलणार? ते दर मिनिटाला विचारत राहिलं आणि मी माळ ओढत राहिले. माळ संपल्यावर म्हटलं, नाही ओळखत. शोधून नोंद करा, ते म्हणालं. आवाज त्याचा गोड होता. माझे गुडघे मात्र त्या आषाढात इतके धरले होते की चार नंबरच्या मांडणीपर्यंत जायचंही जिवावर आलं.

बार्शीच्या मार्केट यार्डामागे आमचं हे गोडाऊन. दोघा भावांनी उभं केलं आणि आता दोघी जावा चालवतो. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, थोरल्या दिरांना नऊ. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. वय सदुसष्ट. देवाधर्माशी त्यांचं फारसं सख्य नाही. उपवासाचा माल विकून आयुष्य काढलं, पण स्वतः एकादशीला कांदा घालून पोहे खातील. सकाळी गोडाऊनमध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय सोडलंस गं उज्ज्वला, मीठ का तेल? असं एकेक सोडत सोडत एक दिवस मला सोडशील." त्यांना मूल नाही. माझी मृण्मयी निम्मी त्यांच्याच मांडीवर वाढली. आमच्या दोघींची भांडणं यार्डात सगळ्यांना ठाऊक होती. कुठलं पोतं कुठे ठेवायचं यावरून आम्ही रोज भांडायचो, आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायचो.

यंत्र आलं ते नव्या नियमामुळे. छापील तारखेवर माल विकायचा नाही, त्याची खरी मुदत दाखवायची, असा नियम झाला. खरी मुदत कळायची कशी, तर वासाने. प्रत्येक वस्तू सतत काहीतरी हवेत सोडत असते. शेंगदाण्यातलं तेल खवट व्हायला लागलं की त्यातून एक विशिष्ट वायू निघतो. आपल्या नाकाला तो कळेपर्यंत माल हातचा गेलेला असतो. पण किड्यांच्या मिशांना तो महिनोन् महिने आधी कळतो. त्या मिशांवरची जी प्रथिनं हे काम करतात, ती आता प्रयोगशाळेत वाढवून नखाएवढ्या चकतीवर बसवतात. एका चकतीवर दोनशे चाळीस प्रकार. प्रत्येक प्रकार वेगळ्या वायूला जागा होतो. कुठले किती जागे झाले याची रोज एक नक्षी उमटते.

आमच्या प्रत्येक मांडणीला अशी चार नाकं बसवली होती. संगणकातला प्रोग्रॅम आजची नक्षी कालच्या नक्षीशी ताडून बघायचा. माल किती वेगाने उतरतोय त्याची रेघ काढायची, ती रेघ पुढे वाढवायची आणि विक्रीला अयोग्य अशा रेषेला कधी लागेल ते सांगायचं. तेच उरलेले दिवस. ज्याचे दिवस कमी, किंवा भराभर घटतायत, तो माल दाराजवळ हलवा, आधी बाहेर काढा. एवढं एकच सूत्र. यंत्र आल्यापासून वर्षभरात आमचा एक कट्टाही वाया गेला नव्हता.

यंत्र बसवायला सोलापूरहून तौफिक नावाचा मुलगा आला होता. त्याने आम्हाला गळ्यात घालायला बिल्ले दिले. माणसांनाही वास असतो, तो हिशोबातून वजा करायला बिल्ला लागतो, असं त्याने समजावून सांगितलं. तीन-चार तासांसाठी येणारे टेम्पोवाले वगैरे यंत्र आपणहून सोडून देतं, पण रोज दिवसभर वावरणाऱ्याने बिल्ला घालायचाच. मी घातला. आमचा हमाल नागनाथ, त्यानेही घातला. अक्कांनी तो बोटांच्या चिमटीत धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, गळ्यात चिठ्ठी पोत्याच्या असते, मी काय पोतं आहे? तौफिकने पुष्कळ सांगितलं. अक्कांपुढे कुणाचं चाललंय?

तर तो अनोळखी माल. नागनाथने सोमवारी चार नंबरची मांडणी अख्खी रिकामी केली. काही सापडलं नाही. मंगळवारी यंत्राने जागा दाखवली मांडणी दोन. पुन्हा चाळीस कट्टे खाली आले, पुन्हा वर गेले. श्रावण आठवड्यावर आलेला, सगळ्या गावांतून मागणी सुरू, आणि आम्ही एक न दिसणारं पोतं शोधत होतो. नागनाथ म्हणाला, घूस मेली असणार. अक्का म्हणाल्या, मेलेली घूस चार नंबरवरून दोन नंबरला चालत जाते होय रे? स्वतः काठी घेऊन त्या मांडण्यांखाली वाकून वाकून बघत होत्या. दोनदा मध्येच बसल्या. ऊन फार आहे, म्हणाल्या.

बुधवारी मी ती ओळ उघडून तिचा तपशील वाचला. हे आधीच करायला हवं होतं. आवक नऊ चाळीस. जावक एक पाच. आवक दोन. जावक सव्वासहा. मागचे पंधरा दिवस असंच. पोती दुपारी जेवायला बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसत नाहीत.

मी पडदा बंद केला. समोर अक्का शेंगदाण्यांच्या राशीत हात घालून खडे काढत होत्या. त्यांच्या मनगटातली बांगडी पार कोपरापर्यंत वर सरकत होती. हे मला इतके दिवस दिसलं कसं नाही?

तौफिकला फोन केला, गोडाऊनच्या मागच्या बाजूला जाऊन. तो आधी हसला, मग म्हणाला, काकू, तो आकडा मनावर घेऊ नका. ती रेष शेंगदाण्यांची आहे, माणसाची नाही. चारशे बारा म्हणजे माणसाचं आयुष्य नव्हे, त्या आकड्याला काही अर्थ नाही. मी विचारलं, मग उतार? तोही खोटा? तो म्हणाला, नक्षी बदलते आहे हे खरं. इतके दिवस अक्कांचा वास कुठल्याच मालाशी जुळत नव्हता, आता जुळायला लागला, म्हणून ओळ आली. माणूस श्वासातून शेकडो वायू सोडतो. यकृत रक्त साफ करतं. त्याचं काम अडलं की काही वायू साफ न होता श्वासात उतरतात, जरासा गोडसर, कुबट वास. परदेशात यावर तपासण्या निघाल्यात. आपलं यंत्र त्यासाठी नाही, पण नाक तेच आहे. "मी डॉक्टर नाही, काकू. पण माझी आई असती तर मी उद्याच दवाखान्यात नेली असती."

त्याची आई असती तर, हे बरोबर. माझी अडचण वेगळी होती.

थोरले दीर तीन महिने दवाखान्यात नळ्यांमध्ये पडून होते. अक्कांनी एक दिवस चुकवला नाही. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला भगवंताच्या देवळात घेऊन गेल्या. स्वतः देव मानत नाहीत, पण मी मानते हे त्यांना पक्कं माहीत. माझ्या हातात तुळशीचं पान ठेवलं आणि वदवून घेतलं: माझ्या दुखण्याचं तुला कधी काही कळलं तरी मला सांगायचं नाही, हाताला धरून दवाखान्यात न्यायचं नाही. माझी मी जाईन तेव्हा जाईन. मी तेव्हा रडत होते. काय बोलतेय ते कळत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणता आलं नाही.

शब्द दिला की दिला, असं मी आयुष्यभर मानत आले. लोकांना माझे उपास दिसतात. उपास सोपे असतात हो, पोट एक दिवस कुरकुरतं आणि गप्प बसतं.

मी एकोणीस दिवस गप्प राहिले.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, ती लिहायला हात जड होतो. यंत्र रोज सकाळी सांगायचं, अनोळखी माल दाराजवळ हलवा. मी ऐकून सोडून द्यायची. पण एके दिवशी अक्का पुन्हा दमून बसल्या तेव्हा मी त्यांची खुर्ची उचलून दाराजवळ आणून ठेवली. इथे वारा लागेल, म्हटलं. बसल्या बिचाऱ्या. दुपारी डबा उघडताना माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. वाऱ्यासाठी केलं का, हे मी देवापुढे बसूनही नक्की सांगू शकले नाही. खडे काढायचं काम मी नागनाथला दिलं. डब्यातली मऊ भाकरी त्यांच्याकडे सरकवायला लागले. त्या बोलतील त्याला हो म्हणायला लागले. आणि दर संध्याकाळी, त्या गेल्या की, ती ओळ उघडून बघायची. चारशे बाराचे तीनशे एकोणऐंशी झाले, मग तीनशे चोपन्न. दिवसाला एकाहून जास्त जात होते. बघून काय मिळत होतं? पण हात जायचाच.

श्रावण लागला. माल जात होता, येत होता, यंत्र सगळं बिनचूक सांगत होतं. मी रात्री अंथरुणाला पाठ टेकायची तेव्हा अंग दुखून झोप लागत नसे आणि सकाळी माळ ओढताना आकडा नामात मिसळायचा.

श्रावणातल्या दशमीला दुपारी पावसामुळे आतच डबा खाल्ला, आणि झाल्यावर अक्का उठल्या नाहीत. नागनाथ टेम्पो भरायला बाहेर गेला होता. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "काल मी साबुदाण्याच्या कट्ट्यांवर खजुराच्या पेट्या रचल्या. बघितलंस?"

बघितलं, मी म्हटलं.

"चिकट पाझरतो त्यातून. सगळा साबुदाणा गेला असता. तीस वर्षांत असं मी कधी केलं असतं तर तू यार्डभर ऐकू जाईल अशी भांडली असतीस. काल निमूट पेट्या उतरवून ठेवल्यास. मुद्दाम रचल्या होत्या मी. परवा भगरीत राजगिरा ओतला, तोही मुद्दाम. तू चाळत बसलीस." त्यांनी चष्मा लावला. "तू माझ्याशी भांडत नाहीस, उज्ज्वला. मला आता सांग."

मी बराच वेळ डब्याची कडी लावत बसले. ती नीट लागलेलीच होती. मग उठून पडदा त्यांच्यासमोर फिरवला आणि ती ओळ उघडली. शपथ मोडते आहे हे मला कळत होतं. त्याचं जे काही असेल ते माझ्या माथी, एवढंच मनात म्हटलं.

अक्कांनी सगळं सावकाश वाचलं. आवक, जावक, मांडणी चार, मांडणी दोन, दाराजवळ. दाराजवळ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वर बघता येईना. मी तौफिक जे म्हणाला ते सांगितलं. आकडा खोटा, उतार खरा. यकृताचं असावं. कधीपासून माहीत आहे तेही सांगितलं.

"एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या.

हो, म्हटलं.

"जुने शेंगदाणे." त्यांनी पुन्हा वाचलं. "निदान काजू तरी म्हणायचं होतं मेल्याने."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नसावं. त्या म्हणाल्या की मरणाचं मला एवढं काही नाही, दुखणं आहे हे अंगाला कळतच असतं. पण एकोणीस दिवस तू मला ओवाळल्यासारखी वागवत होतीस आणि मला वाटत होतं, माझं काय चुकलं? मृण्मयीने काही सांगितलं का, गोडाऊन विकायचंय का, मी आता जड झाले का? रात्र रात्र विचार केला. शपथ घातली ती दुखण्याची, अबोल्याची नव्हती. इतकं सगळं त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. मोठ्याने बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, अक्का, उद्या सोलापूरला जाऊ. मी शपथ मोडलीच आहे, आता पुरती मोडू द्या.

"आधी मला यातून काढ," म्हणाल्या, पडद्याकडे हात करून. "मग बघू."

ओळ काढायची तर कारण द्यावं लागतं. यंत्राने पाच कारणं दाखवली. अक्कांनी ती शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने वाचली. विकला. खराब झाला. परत पाठवला. हरवला. मोजण्यात चूक. त्या भाजीबाजारात वांगी निवडावी तशा चेहऱ्याने बघत होत्या. "खराब झाला, हेच खरं आहे," म्हणाल्या. मी शेवटच्या कारणावर बोट ठेवलं.

"खोटं लिहितेस. चालतं का तुला?"

"एकादशी उद्या आहे," मी म्हटलं. "आज दशमी."

तेव्हा त्या हसल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते कशाचं आहे हे दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. यंत्राने नोंद केल्याचं सांगितलं. एकशे ब्याऐंशी ओळी. अक्का उठल्या, खुर्ची स्वतः उचलायला गेल्या, जमली नाही. मी पुढे झाले तर म्हणाल्या, हात लावू नकोस. ओढत ओढत त्यांनी ती आत चार नंबरच्या मांडणीपाशी नेली आणि तिथून म्हणाल्या, पहिली एसटी किती वाजता आहे?

दुसऱ्या दिवशी, श्रावणातल्या एकादशीला, महिन्यातल्या सगळ्यांत मोठ्या विक्रीच्या दिवशी, आम्ही गोडाऊन नागनाथच्या हवाली केलं. सहाच्या गाडीने निघालो. दिवा लावायचा राहिला. नाम एसटीत घ्यायला बसले, पण अक्का वैरागपर्यंत बोलतच होत्या. बाहेर कुणाची सौर विजेच्या पाट्यांखालची तूर कशी आली आहे, कंडक्टरच्या जागी यंत्र बसवून लोकांच्या पोटावर कसा पाय आणला, खिडकी का उघडत नाही. पंधरा दिवसांत त्या इतक्या बोलल्या नव्हत्या. माझी नामाची मोजणी चाळीसच्या आसपास तुटली. मी ती पुन्हा धरली नाही. कान देऊन ऐकत राहिले, दोन ठिकाणी त्यांचं खोडूनही काढलं. त्यांना ते आवडलं.

दवाखान्यात दुपार झाली. रक्त काढलं, पोटावरून यंत्र फिरवलं, बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नांदेडकडच्या बोलीच्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली तेव्हाच मला कळलं. यकृतात गाठ आहे, म्हणाल्या. आणखी एक तपासणी पुढच्या आठवड्यात, मग उपचार सुरू. अक्कांनी पहिला प्रश्न नळ्यांचा केला. नळ्या नकोत, तीन महिने खाटेवर नको, एवढं कबूल असेल तर पुढचं बोला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, सुरुवात गोळ्यांनी, महिन्याला एक इंजेक्शन, घरूनच. अक्कांनी त्यावरही घासाघीस केली. इंजेक्शन दीड महिन्याने चालेल का? नाही चालणार. बरं, मग गोळ्या जेवणानंतरच्या द्या, उपाशीपोटी मला जमत नाही, उपास हिचं खातं आहे. असं करून एकदाचं ठरलं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं की त्रास कधीपासून आहे. अक्का म्हणाल्या, आठ-दहा दिवस. मी म्हटलं, नाही, पाच आठवडे तरी, आणि ती तारीख सांगितली. इतकी नेमकी कशी, असं त्यांनी विचारलं. मी यंत्राचं सांगितलं. अक्का मान खाली घालून पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. तो रोजचा उतार कागदावर मिळेल का, पाठवा मला, म्हणाल्या. कधी लक्षात आलं तुमच्या, असं सहजच विचारलं. मी खरं ते सांगितलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं. त्या वाकून लिहीत होत्या आणि मी त्यांच्या पेनकडे बघत होते. सकाळपासून, सकाळपासून कशाला, कालपासून एकच प्रश्न माझ्या मनात घोळत होता. आता विचारला नाही तर कधी विचारणार? मी थोडी पुढे सरकले. म्हटलं, डॉक्टर, आम्ही जर तेव्हाच...

अक्कांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. दुखऱ्या गुडघ्यावर, जोरात.

"नको विचारूस," त्या म्हणाल्या. "त्या काहीही म्हणाल्या तरी तू त्याचा जन्मभर उपास धरशील. आणि मला तो बघत बसावा लागेल."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. काही विचारायचंय का, म्हणाल्या.

मी अक्कांचा हात तसाच राहू दिला. विचारलं, पथ्य काय पाळायचं?